उजव्या कानात

तिसऱ्या बुडीला शरदिनीबाईंना कुणीतरी धुणं आपटत असल्याचा आवाज आला. पहिल्या दोन बुड्यांना नेहमीचंच ऐकू आलं होतं, म्हणजे काहीच नाही. गंगेच्या पाण्याखाली एक दाट, थंडगार मुकेपणा असतो, तोच. तिसऱ्या बुडीला मात्र उजव्या बाजूनं, अगदी खेटून, धप्... धप्... मग लगोलग दोन, मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा धप्. त्या वर आल्या, डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि आधी धोबी कुठे आहेत ते पाहिलं. संकठा घाटाच्या बाजूला दोघे धोबी दगड मांडून बसत, त्यांच्या साबणाचं पाणी वाहत वाहत अमृतराव घाटावर येई, आणि त्यावरून बाईंचं त्यांच्याशी फार जुनं, मनापासून जोपासलेलं भांडण होतं. तेव्हा आवाज आला म्हणजे तो धोब्यांचाच असणार, हा त्यांचा अंदाज तसा रास्त होता. पण आज दगड कोरडे होते. धुक्यात एक नाव बांधलेली होती, नावेत एक कुत्रं मुटकुळं करून झोपलं होतं, आणि पायरीवर एक अनोळखी म्हातारा चुळा भरत होता. कानात पाणी गेलं असेल म्हणून बाईंनी मान कलती करून एका पायावर दोन उड्या मारल्या. साठी उलटल्यावर, ओल्या लुगड्यानिशी, शेवाळलेल्या पायरीवर. चुळा भरणारा म्हातारा तोंडातलं पाणी तोंडातच ठेवून बघत राहिला. कानातून थेंबभरही पाणी आलं नाही. आवाज मात्र त्यांच्याबरोबर पायऱ्या चढून घरी आला.

घरी येईपर्यंत त्यांनी तो विसरायचं ठरवलं होतं, आणि शरदिनीबाई आठल्यांनी एकदा ठरवलं की ते व्हायचंच. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाई होत्या त्या. लसणीची पाकळी घालून कढवलेलं तेल कानात सोडलं, वर कापसाचा बोळा बसवला. बोळ्यानं झालं इतकंच की गल्ली पुसट झाली, देवळातल्या घंटा, भाजीवालीची हाक, कोपऱ्यावरच्या स्कूटरचा भोंगा सगळं लांब गेलं, आणि आतला ठोका जास्तच ठळकपणे ऐकू येऊ लागला. मग त्या त्याच्या मागावर निघाल्या. गच्चीवरच्या टाकीला कान लावला. गॅसच्या सिलिंडरला लावला. शेवटी शेजारच्या भिंतीला लावला आणि त्यांची खात्री पटली. भिंतीपलीकडे अंबिकाबाई राहत. सात पिढ्या काशीत मुरलेलं घर. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मिसळली होती की आता वेगळी काढायला गेलं तर दोन्ही हाती लागल्या नसत्या. चार दिवस कळ काढून बाईंनी खिडकीतून हाक मारलीच. “काय कुटताय हो अंबिकाबाई सारख्या?” अंबिकाबाईंनी संधिवातानं वाकडे झालेले आपले दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले. “मी? हे बघा माझे हात, गठियानं पार अकडून गेलेत. मी काय कुटणार शरदिनीताई, आता मलाच कुणी कुटून डब्यात भरून ठेवलं तर ठेवलं!” आणि त्या खदखदून हसल्या. बाईही हसल्या. हसताना ठोका जलद झाला, पण तेव्हा ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते जिन्यात. भाजीची पिशवी घेऊन त्या वर येत होत्या आणि आवाज धावायला लागला. त्या थांबल्या, कठड्याला धरून दम घेतला, तर तोही हळूहळू ओसरला. पण सरळ नाही, अडखळत, मध्येच दोन पावलं एकदम टाकून, मग थबकून, मग जणू काही आठवल्यासारखा पुन्हा चालू लागत. बाईंनी छातीवर हात ठेवला. हाताखाली आणि कानात एकच. इतके दिवस त्या जिला टाकीत, सिलिंडरमध्ये आणि बिचाऱ्या अंबिकाबाईंच्या खलबत्त्यात शोधत होत्या ती वस्तू त्यांच्याच लुगड्याच्या आत होती. त्या घाबरल्या. पिशवी पायरीवर ठेवून तिथंच बसल्या, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हे आता कुणाला सांगायचं? घरात तर कुणीच नाही. विश्वेश्वरपंतांना जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत कुलपात किल्ली फिरवताना, आतून कुणी ‘आलीस का’ म्हणणार नाही हे त्यांना इतकं सवयीचं झालं होतं की त्याचं दुःख असं वेगळं होत नसे. पण आज त्या पायरीवर ते झालं. मेथीची जुडी पिशवीतून बाहेर डोकावत होती. एका माणसाला एक जुडी जास्तच होते, अर्धी नेहमी पिवळी पडते, हेही त्यांना त्याच वेळी सुचलं आणि त्याचंही रडू आलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पुढे कुणालाच सांगितली नाही. सुरुवातीचे काही दिवस त्यांना तो आवाज आवडला होता. भिंतीपलीकडे कुणीतरी कामात आहे, कुटतंय, काहीतरी रांधायच्या तयारीत आहे, असं वाटून त्या आपल्या खोलीत निवांत बसत. वीज गेली की गल्ली गप्प होई, रेडिओ बंद पडे, आणि एरवी त्या वेळी घर अंगावर येई. त्या दिवसांत ते आलं नाही. मग कळलं की शेजारी वगैरे कुणी नाही, आपणच आपल्याला सोबत करतो आहोत. एकटं माणूस स्वतःशी बोलतं ते चालतं, लोक म्हणतात वय झालं. पण एकट्या माणसाला स्वतःचंच आतलं काम रात्रंदिवस ऐकू यावं, आणि तेही असं बेभरवशाचं, हे काही बरं नव्हे. सर्वांत वाईट ती मधली रिकामी जागा. ठोका चुकला की त्या हातातलं काम थांबवून वाट बघत. पोळी तव्यावर करपे. मग धप् करून तो येई, आणि त्या पोळी उलटत. उजव्या कुशीवर निजणं सुटलं. सगळं आयुष्य उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बाई, आता डाव्या कुशीला वळल्या की समोर पंतांचा रिकामा पलंग दिसे. तो काढून टाकावा असं त्यांच्या मनात येई आणि सकाळी त्या त्याच्यावरची चादर झटकून नीट घालत.

अंबिकाबाईंना मात्र सांगावं लागलं, आणि अंबिकाबाईंना सांगितलेली गोष्ट तिन्हीसांजेपर्यंत गल्लीच्या दोन्ही तोंडांना पोचते. पण ती पोचली ती वेगळ्याच रूपात. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचार बायका, एक नारळ आणि डझनभर केळी असा मेळा जिना चढून आला. अंबिकाबाई पुढे. “पाय पुढे करा शरदिनीताई. अहो, अनाहत नाद म्हणतात तो हाच! साधूसंन्यासी जन्म घालवतात तरी कान उघडत नाही, आणि तुमचा घरबसल्या उघडला. क्षेत्रसंन्यास काही फुकट जातो होय?” बाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. आपण गणिताच्या शिक्षिका आहोत, असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं; पण चहा टाकला, आणि खूप दिवसांनी मोठं पातेलं गॅसवर चढवताना त्यांना बरं वाटलं हेही खरं. बायका आठदहा दिवस येत राहिल्या. त्यांच्यासमोर डोळे मिटून बसत, जणू बाईंच्या कानातून थोडं काही बाहेर सांडेल. मग एकीनं विचारलं, नाद कसा येतो, ओंकारासारखा की घंटेसारखा? बाई म्हणाल्या, “लंगड्या माणसासारखा.” ते काही बायकांना रुचलं नाही. देवाचा ताल चुकत नसतो, असं एकमेकींत बोलत त्या जिना उतरल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. मोठं पातेलं बाईंनी घासून पालथं घालून ठेवलं. त्या बायकांपैकी कुणीही, तुम्हाला त्रास होतो का, असं विचारलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरनं कान स्वच्छ असल्याचं सांगितलं आणि वर वयाचा दाखला दिला. हृदयाचा डॉक्टर तरुण होता, त्यानं तसं काही केलं नाही. त्यानं बाईंचं मनगट धरलं आणि म्हणाला, “माताजी, जब-जब कान में आवाज आए, बस ‘हाँ’ बोलिए.” बाई टेबलाकडे बघत ‘हाँ’ म्हणत गेल्या. हाँ. हाँ. हाँ-हाँ. मग गप्प. मग हाँ. वर्गात हजेरी घेताना मुली गैरहजर असाव्यात तशा जागा सुटत होत्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष डॉक्टरच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यावरचं हसू गेलं होतं. मग छातीला थंड वाट्या लावून यंत्रानं लांबच लांब कागद ओकला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल पार बिघडला आहे, ते नुसते थरथरतात, डॉक्टरनं समजावलं; रक्त तिथं साकळून एखादी गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग जाईल, नाहीतर सगळंच. गोळ्या आजपासून. आणि कानात ऐकू येतं ते मानेच्या शिरेतलं असणार, तिथं काहीतरी अडलेलं आहे, ते बघायला हवं, पण ती तपासणी आमच्याकडे होत नाही. बाहेर जावं लागेल. “आपका कोई है बाहर?” मुलगी आहे, पुण्याला, बाई म्हणाल्या. “तो फिर क्या! पूना चली जाइए.” किती सोपं. बाईंनी पदर सारखा केला आणि त्याला सांगितलं की त्यांना काशीबाहेर पाऊल टाकता येत नाही. डॉक्टरला वाटलं, पाय दुखतात.

पायांचं काही नव्हतं, हाताचं होतं. अकरा-बारा वर्षांमागची एक सकाळ. विश्वेश्वरपंत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत, आणि न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मीठ कमी आहे एवढं सांगायलाही ते पाच पायऱ्यांनी येत. त्या सकाळी ते म्हणाले, दशाश्वमेधावर एक छोटासा विधी आहे, चल. बाई निघाल्या. चुलीवर वरणाची डाळ शिजत ठेवली होती, मुलीला, स्वरदाला, लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि स्वरदा लग्न ठरल्यापासून कशावरच लक्ष ठेवत नव्हती. घाटावर शिवरामशास्त्री दर्भ घेऊन बसले होते. त्यांनी भराभर काही म्हटलं, पंतांच्या ओंजळीत पळीनं पाणी घातलं आणि मान वर न करता म्हणाले, “बाई, हाताला हात लावा.” बाईंनी लावला. सत्यनारायणाला लावला होता, वास्तुशांतीला लावला होता, दर श्राद्धपक्षाला, दर होमाला. नवऱ्यानं करायचं आणि बायकोनं त्याच्या हाताला चार बोटं टेकवायची, झालं तिचं. काय चाललंय हे विचारायची रीत नव्हती आणि त्यांच्याही डोक्यात डाळ होती. पाणी बोटांवरून ताम्हनात गेलं. परतताना, मणिकर्णिका ओलांडल्यावर, त्यांनी सहज विचारलं, कसला संकल्प होता? पंत म्हणाले, “क्षेत्रसंन्यास. आता मरेपर्यंत काशीची हद्द सोडायची नाही.” बाई हसल्या. त्यांना वाटलं, हे विनोद करताहेत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि पंतांनी एकही विनोद केलेला नव्हता, हे त्यांना तिथंच आठवायला हवं होतं. डाळ लागलीच होती.

त्या संकल्पानं गल्लीत त्यांचा मान वाढला. आठल्ये दांपत्य क्षेत्रसंन्यासी, असं लोक पाहुण्यांना सांगत. आणि मग ग्वाल्हेरहून तार आली, बाईंच्या आईचं काही खरं नाही, निघून या. बाईंनी दोन लुगडी बांधली. पंत दारात येऊन उभे राहिले, एक हात चौकटीवर. म्हणाले, “तुझी इच्छा. मी अडवणारा कोण? पण संकल्प दोघांचा आहे, तेवढी आठवण करून देतो.” बाईंनी लुगडी पुन्हा फडताळात ठेवली. आई तिसऱ्या दिवशी गेली. शेवटपर्यंत शरू आली का, शरू आली का, असं विचारत होती, हे भावानं नंतर मुद्दाम कळवलं. पुढे स्वरदाचं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण, पुण्याला, सासूनं केलं. इथून बाईंनी कुणा जाणाऱ्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवले. स्वरदाचं कार्ड आलं, लाडू पोचले, निमिष बरा आहे. बस, तेवढंच. त्यानंतर मुलगी फोनवर कधी रागावली नाही, कधी हट्ट केला नाही. आई, तब्येत सांभाळ, म्हणायची आणि वेळ बघून फोन ठेवायची. बाईंना तो नीटनेटकेपणा बोचे. पण बोचून करता काय, चार बोटं लावली होती ना. आणि आता तर हद्द सोडायची म्हणजे नुसता संकल्प मोडणं नव्हतं. हे असं तालात नसलेलं काळीज घेऊन गाडीत बसायचं, आणि ते वाटेतच कुठल्यातरी रखरखीत स्टेशनावर बंद पडलं तर? सारा जन्म काशीत काढून मरायचं मात्र भलतीकडेच. नवऱ्यामागून सगळं हातचं गेलं होतं, एवढं एक मरण तेवढं चांगल्या जागी शिल्लक होतं.

तरी त्या शिवरामशास्त्र्यांकडे गेल्या. का गेल्या ते त्यांना धड सांगता आलं नसतं. कदाचित ‘नाही जाता येणार’ असं त्यांच्या तोंडून ऐकायलाच. शास्त्री आता घाटावर उतरत नसत, पाय सुजले होते. दशाश्वमेधाच्या वरच्या अंगाला एका खोलीत तक्तपोसावर बसून असत, गालात पान. बाईंनी सरळच विचारलं. “शास्त्रीबुवा, मी त्या दिवशी हाताला हात लावला होता. मी बांधली गेले का?” शास्त्र्यांनी पान या गालातून त्या गालात नेलं. “कुणी सांगितलं बांधल्या गेलात? हात लावला की पुण्यात वाटा मिळतो, बाई. नवऱ्याच्या व्रताची दोरी बायकोच्या पायात नाही पडत. क्षेत्रसंन्यास ज्याचा त्यानं आपल्या तोंडानं घ्यायचा असतो. तुम्ही घेतलात? नाही ना? मग खुशाल रामेश्वरला जा, पुण्याला जा. मला तर वाटलं, तुम्ही मर्जीनंच राहिलात.” आणि मग, बाईंना बरं वाटावं म्हणून त्यांनी वर आणखी सांगितलं, “विश्वेश्वराला तर पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी येऊन हेच विचारून गेला होता मला. मी म्हटलं, बायको मोकळी आहे रे बाबा. सांगायचं राहून गेलं असेल त्याच्याकडून.”

राहून गेलं असेल! ज्या माणसाचं जन्मात कधी काही राहून गेलं नाही, ज्यानं दुधाच्या पैशांपासून पितरांच्या तिथींपर्यंत सगळं तोंडपाठ ठेवलं, त्याचं एवढंच बरं राहून गेलं. बाई घाटाघाटानं परत निघाल्या. कानात नुसता गदारोळ उठला होता. धप्धप्धप्, मग दरी, मग धप्. मणिकर्णिकेवर दोन चिता पेटल्या होत्या, लाकडांच्या वखारीशी कुणीतरी भाव करत होतं, आणि बाई त्या धुरातून चालताना मेलेल्या नवऱ्याशी भांडत होत्या, उघड, ओठ हलवून. माझी आई गेली हो. माझी पोर दाराकडे बघत बसली असेल. तुम्हाला काय मिळालं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पंतांचा इतका राग आला की ते समोर असते तर त्यांनी त्यांचं उपरणं धरून गदागदा हलवलं असतं. दम लागला म्हणून त्या एका बुरुजावर बसल्या. समोर पाणी संथ, पलीकडे वाळू. आणि राग निवता निवता त्यांच्या डोळ्यांपुढे तो चौकटीवरचा हात आला. तो हात थरथरत होता. इतकी वर्षं त्यांनी तो संताप समजला होता. पंत संतापले की असेच गप्प होत. आता, ठोका चुकायची वाट बघत बसण्यात इतके दिवस काढल्यावर, त्यांना दिसलं की तो संताप नव्हता. तो माणूस भ्याला होता. ही एकदा गेली तर कदाचित चार दिवसांनी परत येणार नाही, आणि आपण या घरात एकटे राहू, कुलपात आपणच किल्ली फिरवू, या विचारानंच तो पांढरा पडला होता. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या माणसाला, ‘जाऊ नकोस, मला भीती वाटते’ हे एक वाक्य जमलं नव्हतं. म्हणून त्यानं मध्ये देव घातला. बाईंना त्याची कीव आली, पण त्यांनी त्याला माफ केलं नाही. आईचं ‘शरू आली का’ त्यांना ठोक्याच्या मध्ये मध्ये ऐकू येत होतं.

मोकळी झालेली बाई तडक तिकीट काढायला गेली असेल असं कुणालाही वाटेल. बाई गेल्या नाहीत. एसटीडीच्या दुकानावरून जाताना त्या पाय उचलत. कारण आता कुंपण उरलं नव्हतं, आणि कुंपण नसल्यावर एकच प्रश्न उरतो, तो फार वाईट: आपण तिथं हव्या आहोत का? संकल्पाच्या आड तो कधी उघडा पडला नव्हता. मुलगी ‘ये’ म्हणेल यात शंका नव्हती. तिला वळण चांगलं होतं. पण ते ‘ये’ त्या नीटनेटक्या आवाजात येईल, आणि मग पुण्याच्या त्या घरात, कुणाच्या तरी सोयीच्या कोपऱ्यात, हे कानातलं लंगडं माणूस घेऊन बसायचं. त्यापेक्षा काशी बरी. निदान इथल्या भिंतींना सवय आहे. गोळ्या घेत त्यांनी दिवस काढले. फोन शेवटी अंबिकाबाईंनी केला. नाद निघाला नाही याची काहीतरी भरपाई करावी असं त्यांच्या मनात असावं. स्वरदा गाडीत बसली आणि आली.

ती आली ती भर दुपारी, वीज गेलेली असताना. केस कापलेले, डोळ्यांखाली काळं. चपला काढता काढताच म्हणाली, “आई, सामान भर. परसोंची गाडी आहे.” काशीत वाढलेली पोर, घाईत आली की तिच्या बोलण्यात हिंदी घुसे. बाई म्हणाल्या, आधी हातपाय धू, जेव. ती जेवली नाही. म्हणाली, “सीधी बात सांग आई. संकल्प संकल्प करत बसणार आहेस का? तेव्हा बसलीस. निमिषच्या वेळी मी रोज दाराकडे बघायची. सासूबाई म्हणायच्या, नाही येणार गं तुझी आई, त्यांचं व्रत आहे, आणि मला वाटायचं, येईल, ती येणारच. कळा सुरू झाल्या तरी वाटत होतं. नऊ वर्षं मी हे बोलले नाही.” तिचा आवाज नीटनेटका राहिला नव्हता. बाईंच्या तोंडाशी आलं होतं सगळं: शास्त्री काय म्हणाले, दोरी कशी नव्हतीच, तुझ्या बाबांनी कसं ठाऊक असून... एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. पण स्वरदाची मान वळली होती ती भिंतीवरच्या पंतांच्या फोटोकडे, आणि त्या नजरेत अजून लाडकी लेक होती. तेवढं तिच्याकडे राहू दे. “हो,” बाई म्हणाल्या, “यायला हवं होतं मी. नाही आले.” स्वरदा रडली नाही, नुसती खाली बसली, आईच्या पायांशी, आणि म्हणाली, “कसा येतो गं तो आवाज?”

डॉक्टरांनी किती दिवसांपासून ते विचारलं होतं. बायकांनी ओंकार की घंटा ते विचारलं होतं. बाई “असा... मोठा असतो,” एवढंच म्हणाल्या. “थांब, मला ऐकू दे,” म्हणून स्वरदा उठली, आईच्या शेजारी पलंगावर बसली आणि तिनं आपला कान आईच्या उजव्या कानाला लावला. केस बाजूला सारून, अगदी घट्ट, लहानपणी दाराला कान लावायची तशी. तिच्या गालाला प्रवासाचा, लोखंडाचा वास येत होता. पंखा बंद होता, गल्लीत कुणी नव्हतं. किती वर्षांत कुणाचा गाल इतका जवळ आला नव्हता. बाईंनी श्वास धरला. कानात त्या वेळी सगळ्यात वेडंवाकडं चाललं होतं: दोन एकाला एक चिकटून, मग एक अर्धवट, मग काहीच नाही, मग तीन धावते, पुन्हा खोल खड्डा. ऐकू येईल का हिला? येऊ दे. एकदा तरी दुसऱ्या कुणाला येऊ दे. त्यांनी आजवर देवाजवळ मागितलेल्या कशाहीपेक्षा ते जास्त जीव तोडून मागितलं.

“येतोय,” स्वरदा कुजबुजली. “आई, येतोय गं ऐकू.” आणि तिचा हात आईच्या पाठीवर हळूच पडायला लागला, तान्ह्या पोराला थोपटतात तसा. धप्. धप्. धप्. धप्. “असाच ना?”

हात एका संथ, सारख्या लयीत पडत होता, एकही जागा न सोडता. कानात त्याच वेळी खड्डा होता, लांबलचक, आणि पोरीचा हात त्या खड्ड्यावरून काही न कळता पडत पुढे गेला. तिला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. या आवाजात त्या एकट्याच होत्या आणि शेवटपर्यंत एकट्याच राहणार होत्या, हे त्यांना आता पक्कं कळलं. आणि हेही, की ही पोर चोवीस तास गाडीत बसून आली ती हे खोटं बोलायला. त्यांनी मान हलवली नाही, कान तसाच राहू दिला.

“हो,” त्या म्हणाल्या, “अगदी असाच.” मग आवाज सावरून, “सूटकेस वरच्या फळीवर आहे बघ. माझा हात पोचत नाही. तू काढ.”